तुम्ही विचारलंत म्हणून: मॉडिंग टूल्स द्यावीत की नाही

"तू स्वतः पॅच बनवत मोठा झालास, मग आता खेळाडूंना टूल्स का देत नाहीस?" वर्षातून पाच-सहा वेळा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. मी आता गेम बनवतो. मॉडिंग म्हणजे खेळाडूंनी तयार गेममध्ये स्वतः बदल करणं, त्या बदलांना मॉड किंवा पॅच म्हणतात, आणि ते करायची साधनं म्हणजे टूल्स. कॉलेजात बोलायला गेलो की येतो, जुने मित्र भेटले की येतो, मागच्या महिन्यात मामेभावाच्या लग्नात पंगतीत बसल्यावरही आला. दरवेळी दोन वाक्यं बोलून मी विषय बदलतो. आज बदलत नाही.

आधी एक विनंती. काउंटर-स्ट्राइक हा गाजलेला गेम आधी मॉड होता आणि डोटा हा गेम वॉरक्राफ्टच्या एडिटरमधून, म्हणजे नकाशे बनवायच्या प्रोग्रॅममधून निघाला, हे मला सांगू नका. ती दोन नावं प्रत्येक वादात येतात आणि तिथेच वाद संपल्यासारखं होतं. माझं बालपण दुसऱ्या गेमवर गेलं.

ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट 07 नोव्हेंबर 2006 मध्ये आला. त्या मालिकेतला तो शेवटचा. खेळाडूंची खरी नावं वापरायचे परवाने सगळ्या देशांचे नव्हते, त्यामुळे आपल्या संघात खोटी नावं. 2008 मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा मी सांगलीत अकरावीत होतो. आयपीएल गेममध्ये असणं शक्यच नव्हतं, म्हणून जगभरातल्या पोरांनी ती घातली. मॉडिंगची टूल्स कंपनीने दिलेली नव्हती. गेमचा मजकूर ज्यांत बांधलेला असतो त्या 'बिग' नावाच्या फायली उघडायचा छोटा प्रोग्रॅम कुणीतरी लिहिला, कुणीतरी 'एफएसएच' या चित्रांच्या फायलींतून जर्सीची चित्रं बाहेर काढली. मी आठ संघांची किट रंगवली, रोस्टर म्हणजे खेळाडूंच्या याद्या भरल्या, बॅटींच्या चित्रांचा बॅटपॅक जोडला आणि पेनड्राइव्हवरून गावातल्या नेट कॅफेंत वाटला. एका कॅफेत अनोळखी पोरं माझ्या जर्सी घातलेले संघ घेऊन भांडत होती. मी मागे उभा राहून बघत होतो. प्रोग्रॅमर व्हायचं तिथेच ठरलं.

2011 मध्ये मी लिहिलं होतं, 'जो डेव्हलपर टूल्स देत नाही, तो आपल्या खेळाडूंना घाबरतो.' हे वाक्य लोक मला अजून पाठवतात. ते मनापासून लिहिलं होतं. पण तेव्हा मी एकही गेम बनवलेला नव्हता.

लोकांना वाटतं, टूल्स तर तुमच्याकडे असतातच, अपलोड करायचा काय तो उशीर. तसं नसतं. मी ज्या स्टुडिओत होतो, तिथल्या आमच्या एडिटरच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की तो बंद पडायचा. आम्हा सहा जणांना हे माहीत होतं, म्हणून कुणी दुरुस्त केलं नाही. त्यात कोडचे दोन तुकडे विकत घेतलेले, ते दुसऱ्यांना वाटायची परवानगी नाही. मदतीचा मजकूर एका ओळीचाही नाही. अशी वस्तू बाहेर द्यायची तर ती पुन्हा बनवावी लागते, आणि लहान स्टुडिओत तेवढे महिने म्हणजे कुणाचे तरी पगार.

तरीही आम्ही एडिटर दिला. खरं तर मीच हट्ट धरला. पुण्यातल्या त्या स्टुडिओत आम्ही घाटातून ट्रक चालवायचा एक छोटा पीसी गेम केला होता. त्याचा रस्ते बनवायचा एडिटर मी चार महिने खपून खेळाडूंना वापरता येईल असा केला. लोकांनी आंबा घाट केला, वरंधा केला, शेताकडे जाणारी पाणंदसुद्धा केली. औशाच्या एका मुलाने एकतीस रस्ते केले. त्याचे वडील ट्रक चालवायचे, डोळ्यांच्या त्रासामुळे त्यांनी गाडी सोडली होती. रात्री वडील शेजारी बसून वळणं सांगायचे आणि मुलगा ती घालायचा. इथे चढ जास्त आहे, इथे चहाची टपरी, इथे पावसात दरड येते. हे त्याने रस्त्यांच्या वर्णनात लिहिलं होतं. मी त्यातले बहुतेक रस्ते चालवले होते.

दोन वर्षांनी आम्ही मोठं अपडेट काढलं. जमिनीची उंची साठवायची पद्धत बदलली. आधी दर दोन मीटरला एक आकडा होता, आता अर्ध्या मीटरला, आणि शून्य पातळीही सरकली. आमचे स्वतःचे रस्ते आम्ही नव्याने केले. खेळाडूंच्या रस्त्यांसाठी कन्व्हर्टर, म्हणजे जुनी फाइल नव्या पद्धतीत बदलणारा प्रोग्रॅम लागणार होता, त्याला तीन आठवडे. दिवाळीचा सेल बारा दिवसांवर होता. बैठकीत मला विचारलं गेलं, आणि मी म्हणालो, "आत्ता सोडू, कन्व्हर्टर नंतर देतो." वरून दबाव होता, पण ते शब्द माझे होते.

अपडेटच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाची मेल आली. सोबत एक चित्र. डांबरी रस्ता जमिनीच्या कितीतरी वर हवेत तरंगतोय, टपरी डोंगरात अर्धी गाडली गेलीय. खाली लिहिलं होतं, "सर, माझं काही चुकलं का? मी बिंदू परत तपासले."

त्याने चिडून लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. चूक त्याचीच असेल असं धरून तो रात्रभर रस्त्यांचे बिंदू तपासत बसला होता. मी तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं, की तुमचं काही चुकलं नाही, पुढच्या अपडेटमध्ये बघतो. पुढच्या अपडेटमध्ये काहीही नव्हतं, आणि ते मला उत्तर लिहितानाच माहीत होतं. गेम विकला जातो त्या स्टीम या ऑनलाइन दुकानात जुनी आवृत्ती वेगळ्या शाखेत ठेवून देता आली असती. अर्ध्या तासाचं काम. त्या आठवड्यात ते कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

कन्व्हर्टर मी आठ महिन्यांनी घरी बसून लिहिला. त्याला पाठवला. उत्तर आलं नाही.

तेव्हापासून माझं म्हणणं बदललं. टूल्स देणं हे एकदाच करायचं काम नाही. ज्या दिवशी एडिटर बाहेर जातो, त्या दिवसापासून आपली फाइल आपली एकट्याची राहत नाही, आणि प्रत्येक अपडेट दुसऱ्याच्या घरातून रस्ता काढल्यासारखं होतं. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. फॉलआउट लंडन हा चाहत्यांचा प्रचंड मॉड एप्रिल 2024 मध्ये येणार होता. तो ज्या गेमवर उभा आहे त्या फॉलआउट 4 चं नवं अपडेट त्याच सुमारास बेथेस्डा या कंपनीने काढलं आणि मॉड थेट जुलैपर्यंत लांबला. तोसुद्धा खेळाडूंनी गेम जुन्या आवृत्तीवर नेऊन खेळायचा. आणि बेथेस्डा म्हणजे 2002 च्या मोरोविंड या गेमसोबतच एडिटर देणारी कंपनी. टूल्स देण्यात त्यांच्याइतके जुने फार थोडे.

इथे 2011 मध्ये ते वाक्य लिहिणारा मी मला अडवतो. म्हणतो, क्रिकेट 07 चे पॅच अजून चालतात, मग? हो, चालतात, कारण त्या गेमला नंतर कुणी हातच लावला नाही. फाइल जिथे होती तिथेच राहिली. तिथे कुणी वचन दिलं नव्हतं, म्हणून मोडायलाही काही नव्हतं. यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. मग तो डूम या जुन्या गेमचं नाव काढतो, आणि तिथे मी गप्प होतो. 1993 मध्ये त्याचा प्रोग्रॅमर जॉन कार्मॅकने नकाशे आणि चित्रं इंजिनपासून, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ कोडपासून वेगळी, 'वॅड' नावाच्या फायलींत ठेवली. एडिटर खेळाडूंनी स्वतः लिहिले. 1997 मध्ये सोर्स कोडही खुला झाला. 1994 चे नकाशे आजही चालतात. म्हणजे टूल नको, फक्त फाइलची रचना उघड करा आणि ती बदलू नका, बाकीचं लोक बघून घेतील?

मला हे पटतं. पण औशाचा तो मुलगा एडिटर लिहू शकला नसता. मी बटणं दिली म्हणून तो आणि त्याचे वडील रात्री एका स्क्रीनसमोर बसले. मी टूल दिलंच नसतं तर ते एकतीस रस्ते मोडले नसते, कारण ते झालेच नसते. यातलं कमी वाईट काय, हे मला आजही सांगता येत नाही. ज्यांना चटकन सांगता येतं त्यांनी कधी अपडेट काढलेलं नसतं, असं माझं मत आहे, आणि ते कदाचित अन्यायाचं असेल.

एवढं मात्र नक्की सांगतो, खेळाडूंना मी घाबरत नाही. मला भीती वाटते ती बारा दिवसांवर सेल असताना बैठकीत बसलेल्या माझी.

सध्या नव्या गेमचं काम चालू आहे. प्रत्येक फाइलच्या पहिल्या चार बाइटमध्ये मी आवृत्तीचा आकडा टाकलाय, आणि जुनी फाइल वाचणारा कोड काढायचा नाही असं टीमकडून लिहून घेतलंय. एडिटर बाहेर द्यायचा का, यावर तीन बैठका झाल्या. दोनदा मी हो म्हणालो, एकदा नाही.