तुम्ही विचारलंत म्हणून: ते बंड देवासाठी होतं की पोटासाठी?

ट्यूडर घराण्याच्या काळातलं इंग्लंड शिकवायला घेतलं की हा प्रश्न येतोच. तास संपल्यावर कुणीतरी दारापाशी थांबतं आणि विचारतं, "मॅडम, १५३६चं उत्तर इंग्लंडमधलं ते बंड, 'पिल्ग्रिमेज ऑफ ग्रेस', खरंच धर्मासाठी होतं, की धर्म नुसतं निमित्त?"

मला या प्रश्नातला 'की' खटकतो. त्या वर्षी आठव्या हेन्रीच्या सरकारने वर्षाला २०० पौंडांहून कमी उत्पन्न असलेले मठ बंद करायचा कायदा केला. त्यामागचं डोकं राजाचा मुख्य मंत्री थॉमस क्रॉमवेल याचं. शरदात लिंकनशर परगण्यात तीन तऱ्हेचे सरकारी लोक एकाच वेळी फिरत होते. कुणी मठांना टाळं लावत होतं, कुणी कर वसूल करत होतं, तर कुणी पाद्र्यांची लायकी तपासत होतं. आता चर्चमधली चांदीही नेणार, अशी आवई उठली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला लाउथ गाव उठलं. पुढे होता निकोलस मेल्टन नावाचा चांभार. लोक त्याला 'कॅप्टन कॉबलर' म्हणत.

लिंकनशर पंधरवड्यात शांत झालं, पण तोवर उत्तरेचं यॉर्कशर पेटलं होतं. तिथला रॉबर्ट आस्क हा एका डोळ्याने अधू असलेला वकील कोर्टाच्या कामासाठी लंडनला निघाला होता. वाटेत बंडवाल्यांनी त्याला अडवून शपथ घ्यायला लावली. थोड्याच दिवसांत तो त्यांचा मुख्य कप्तान झाला. त्याने बंडाला 'यात्रा' म्हटलं आणि नवी शपथ लिहिली: स्वतःच्या लाभासाठी कुणी यायचं नाही, देवासाठी, चर्चसाठी आणि राजाच्या रक्षणासाठी यायचं, राजाभोवतीचे दुष्ट सल्लागार हटवायला यायचं. निशाणावर ख्रिस्ताच्या पाच जखमा होत्या.

पुढे कैदेत त्याला मठांबद्दल विचारलं, तेव्हा त्याने दिलेलं उत्तर मी दरवर्षी वर्गात सांगते. मठ गेले की प्रार्थना थांबतात, गरिबांची भिक्षा बंद होते, वाटसरूंचा आसरा जातो. पूल आणि समुद्राचे बांध कोण दुरुस्त करणार? मठांच्या जमिनींचा पैसाही उत्तरेतून दक्षिणेला जाणार. प्रार्थना आणि बांध त्याने एकाच दमात सांगितले, कारण त्याच्या मुलखात दोन्ही एकाच दारातून मिळत होतं. वायव्येच्या वेस्टमोरलँड-कंबरलँडकडे खंड, दशमांश (चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा) आणि जमीन नावावर करताना भरायची रक्कम यांवरून लोक चिडले होते. तिथली पत्रकं निघत ती 'कॅप्टन पॉव्हर्टी', म्हणजे कप्तान दारिद्र्य, या नावाने. म्हणूनच आस्कच्या निशाणाखाली लॉर्ड डार्सीसारखा सरदारही आला आणि खंडाने पिचलेला कुळवाडीही.

मग दुसरा प्रश्न येतो: एवढं बळ असताना आस्क लंडनवर का नाही गेला? यॉर्कशरमधल्या डॉनकास्टरला त्याच्याकडे सुमारे ३०,००० माणसं होती, समोर राजाचा सेनापती नॉरफोकचा ड्यूक याच्याकडे फार तर ८,०००. मुलं त्याला भोळा ठरवतात. मला ते पटत नाही. त्याच्या शपथेतच राजाचं रक्षण होतं. लंडनवर चालून जाणं म्हणजे ती शपथ मोडणं. डिसेंबरमध्ये माफीचं आणि उत्तरेत पार्लमेंट भरवण्याचं वचन मिळताच त्याने पाच जखमांचं चिन्ह अंगावरून काढून टाकलं. यापुढे राजाचंच चिन्ह वागवू, असं तो म्हणाला. नाताळात राजाने त्याला दरबारी बोलावून गोड वागवलं.

जानेवारीत यॉर्कशरच्याच सर फ्रान्सिस बिगॉडने पुन्हा बंड केलं. आस्क लोकांना शांत करायला धावला, पण हेन्रीला हवं ते निमित्त मिळालं होतं. पार्लमेंट भरलंच नाही. डार्सीचं मुंडकं उडवलं, बंडाचा दुसरा एक पुढारी सर रॉबर्ट कॉन्स्टेबल याला हल शहरात लटकवलं. १२ जुलै १५३७ रोजी आस्कला यॉर्कमध्ये साखळदंडांनी जखडून फाशी दिली. नऊ महिन्यांपूर्वी याच यॉर्कमध्ये, मिन्स्टर या मोठ्या चर्चच्या दारावर, बंद झालेल्या मठांत साधूंनी परत यावं असा हुकूम त्याने लावला होता.