खळ्यातली पलटण

रिक्षा वाटेवरच सोडली, गडग्याच्या फाटकातून आत शिरलो आणि थबकलो. समोर खळ्यात गोणपाटावर चाळीसेक जवान उताणे झोपवलेले. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी, काहींच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर. शेजारी दोन गाद्या, एक गोधडी आणि उशांचा ढीग ऊन खात पडलेला. एक कोंबडी या सगळ्यांच्या मधून, तपासणीला आलेल्या सुभेदारासारखी, एकेकाकडे मान वाकडी करून बघत चालली होती.

"इलास? चपला भायर ठेव नको, कुत्रो व्हरता," आतून आवाज आला.

हे भाऊ. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणतो म्हणून मीही म्हणतो. ओळख सहा वर्षांची आणि भेट पहिलीच. मला एकास सहा मापाची थ्री-नॉट-थ्री रायफल हवी होती, त्यांच्याकडे दोन होत्या. त्यांना बुटांचा एक जोड हवा होता, माझ्याकडे पडून होता. दोन पार्सलं इकडून तिकडे गेली आणि मग फोन सुरू झाले. फोनवर आम्ही तासन्‌तास बोललोय, पण ते पट्टे, बक्कल आणि बटणं यांच्यावर. त्यांना दोन मुली आहेत आणि धाकटीचं लग्न गेल्या मे महिन्यात झालं, हे मला त्यांच्या पडवीत बसल्यावर कळलं.

ज्यांना हा नाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बारा इंची सैनिक असतो, सांध्यासांध्यात वळणारा. सहा फुटी माणसाचा सहावा हिस्सा. तो विकत आणायचा, उघडावाघडा करायचा आणि त्यातून आपल्याला हवा तो माणूस घडवायचा. धड एकाचं, हात दुसऱ्याचे, कपडे आपण शिवलेले. १९६४ साली हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने 'जी. आय. जो' हा बारा इंची सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे 'डॉल' हातात धरणार नाहीत अशी त्यांना धास्ती होती. म्हणून त्यांनी 'अ‍ॅक्शन फिगर' असा नवा शब्दच काढला. आपल्याकडे बाहुलीच्या लग्नात बाहुला पहिल्यापासून उभा आहे, त्यामुळे शब्दाची अडचण नव्हती. तरी मी ठाण्यात घरी आलेल्या पाहुण्यांना 'मॉडेल्स' असंच सांगतो. वैनी मात्र सरळ म्हणाल्या, "ह्येंच्या बावल्यांक उन्हात घातलंय. बसा, चाय हाडतंय."

ऑक्टोबरात कोकणात सगळ्याच वस्तूंना ऊन दाखवायचं असतं. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे चार महिन्यांत चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव येते, पुस्तकं फुगतात, कपाटातल्या कोटाला कुबट वास येतो. बावल्यांचं वेगळं काही होत नाही. मऊ प्लॅस्टिकचे हात चिकट होतात, नकली चामड्याचे पापुद्रे निघतात, रबरी बुटांना भेगा जातात. माझ्या लहानपणी फनस्कूलचे जी. आय. जो मिळायचे, जेमतेम पावणेचार इंची. त्यांच्या पोटात एक काळं रबरी कडं असायचं, कमरेवरचं आणि कमरेखालचं शरीर तेवढ्या एका कड्यावर जोडलेलं. आमच्या आजोळच्या फडताळात दोन पावसाळे काढल्यावर माझ्या शिपायाची कंबर सुटली. वरचा अर्धा भाग हातात आणि पाय फडताळात, असा तो बाहेर आला. भाऊंना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. उठून एक होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली घेऊन आले. आत तसली पन्नासेक नवी कडी, टाल्कम पावडरीत घोळवून ठेवलेली.

नऊ वाजले तशी वैनींनी पलटणीवर एक जुनी सुती साडी पसरली. त्यानंतरच्या उन्हाने रंग उडतो म्हणे.

भाऊंचा धंदा दातांच्या कवळ्या करण्याचा. तालुक्यातले दंतवैद्य मापं पाठवतात आणि हे घरामागच्या खोलीत कवळ्या, टोप्या, तारा बनवतात. मला त्यांचा हेवा वाटला तो इथेच. आम्ही बाकीचे नेलकटर आणि कानसाच्या जोरावर झगडतो. त्यांच्याकडे हातात पेनासारखं धरायचं यंत्र, त्याला लावायची सुईच्या टोकाएवढी ड्रिलं, साचे घ्यायचं मटेरियल, मेण, प्लास्टर, अ‍ॅक्रिलिक, सगळं पोटापाण्यासाठीच घेतलेलं. सैनिकाच्या शर्टाचं बटण या मापात दोन मिलीमीटरच्या आत यावं लागतं. भाऊ ते दातांच्या एक्स-रेच्या जुन्या फिल्ममधून पंच करतात आणि ड्रिलने चार भोकं पाडतात. मी भिंग लावून मोजली. चारच होती.

डोकी ते स्वतः ओततात, कारण बाजारात मिळणारी डोकी बहुतेक गोऱ्यांची. तपकिरी रंग दिला म्हणून चौकोनी हनुवटीचा माणूस सिंधुदुर्गातला होत नाही. गालाचं हाड, नाकाचा बुंधा, कपाळ यांवर पुटी चढवून, खरवडून, मग साचा घ्यावा लागतो. चेहरे बाजारातून उचललेले आहेत, म्हणजे कुडाळच्या बुधवारच्या बाजारातून. एक हवालदार हुबेहूब त्यांच्या पोस्टमनसारखा आहे आणि पोस्टमनला ते ठाऊकही आहे; तो महिन्यातून एकदा स्वतःला बघून जातो. पण चाळीसांतला एकही जवान तोंड उघडत नाही. ओरडणारा नाही, हसणारा नाही. मी कारण विचारलं.

"दिवसभर दांतच बघतंय रे. हयतरी नको."

कापडाचं दुःख आम्हा सगळ्यांचं सारखंच. माणूस सहापट लहान करता येतो, कापडाचा धागा लहान होत नाही. बरं, मापं सहापट उतरली की वजन दोनशे सोळाव्या हिश्श्यावर येतं, त्यामुळे पँट पायावर पडतच नाही, तंबूसारखी उभी राहते. भाऊ जुन्या मलमलीचं, पंच्याचं, वैनींच्या विटलेल्या साड्यांचं कापड वापरतात. शिवून झालं की ओलं करून बोटांनी चुण्या पाडायच्या, टाचण्या लावायच्या आणि वाळू द्यायचं. आधी ते यासाठी भाताची खळ वापरत. चुण्या सुरेख बसत, पण एका पावसाळ्यात झुरळांनी अख्खी तुकडी गुडघ्यापर्यंत खाल्ली. तेव्हापासून पातळ केलेलं फेव्हिकॉल.

आणि मग मळवणं. या नादात खरा कस लागतो तो इथे. कोरा करकरीत गणवेश घातलेला सैनिक दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतो. कोपर घासलेलं हवं, खांद्यावर पट्टा काचल्याची खूण हवी, बंदुकीचा रंग हात पडतो तिथेच उडालेला हवा. भाऊंकडे मातीच्या बारा बाटल्या आहेत. जांभ्या दगडाची भुकटी तीन छटांत, खाडीतला काळा चिखल वाळवून चाळलेला, चुलीतली राख, गेरू, खडूची पूड. ब्रशने लावायची, फुंकायची, बोटाने पुसायची. मला तर बसल्याबसल्या हसू आलं. एका खोलीत हा माणूस नव्या कोऱ्या वस्तू जुन्या दिसाव्यात म्हणून रात्र रात्र जागतो आणि त्याच खोलीत त्या खरोखर जुन्या होऊ नयेत म्हणून कपाटात कापूर, सिलिका जेलच्या पुड्या आणि चोवीस तास जळणारा पंधराचा बल्ब. कृत्रिम गंज जपण्यासाठी खऱ्या गंजाशी मारामारी. मी हे बोलून दाखवलं. वैनी दारातून म्हणाल्या, "लाइटीचा बिल तुमी भरा, मगे हसा."

जांभ्याची भुकटी वाटेल त्याला लावलेली भाऊंना खपत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचा एक सैनिक आहे, इटलीतला, जुलै १९४४. त्याच्या बुटांवर राखेची आणि खडूची फिकट धूळ आहे. "टायबरच्या खोऱ्यात लाल माती खंय?" असं त्यांचं म्हणणं. हा सैनिक म्हणजे नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातले, म्हणजे आपल्याच कोकणातले. १० जुलै १९४४ रोजी मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे पडले. ते एकटे पुढे धावले, हातबाँबने गन आणि ती चालवणारा उडवला, टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर नाव.

चेहऱ्याचा दावा भाऊ करत नाहीत. त्यांनी पकडलाय तो क्षण आहे नळीवर मूठ वळण्याच्या आधीचा. डावा हात नळीकडे निघालाय, पोचलेला नाही. विकत मिळणाऱ्या या मापाच्या मॅगझिनमध्ये वरची एक गोळी बहुधा साच्यातच आलेली असते. भाऊंनी ती ड्रिलने कोरून काढली, आत पोकळी केली आणि मॅगझिन परत बंदुकीत बसवलं. बसवल्यावर ते काही दिसत नाही. त्यांनी काढून दाखवलं म्हणून मला कळलं. माझ्या तळहातावर ते रिकामं मॅगझिन ठेवलं, तांदळाच्या तीन-चार दाण्यांएवढं, आणि दोघांपैकी कुणीच काही बोललो नाही. मग त्यांनी ते चिमट्याने उचलून जागच्या जागी लावलं.

जांभ्याच्या तिन्ही बाटल्या खर्ची पडल्यात त्या खालच्या फळीवरच्या एका शिपायासाठी. तो लढत नाहीये, रजेवर घरी आलाय. खांद्यावर होल्डॉल, पायाशी आत्ताच टेकलेली काळी ट्रंक, बूट घोट्यापर्यंत लाल. एस.टी.तून उतरून पाणंदीने चालत आल्यावर होतात तसे. ट्रंक तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, कडीकोयंड्यासकट. भाऊंनी नखाने झाकण उघडलं. आत घडी केलेलं एक लुगडं, बिस्किटांचा डबा, टॉर्च आणि कपड्यांत गुंडाळलेली एक बाटली. इंजेक्शनची रिकामी बाटली, आत चहाच्या रंगाचं राळेसारखं काहीतरी.

"कॅन्टीनची," भाऊ म्हणाले. "त्याबगर गावात कोण वळाखतलो?"

त्याचं वजन डाव्या पायावर होतं. भाऊंची ही एकच परीक्षा असते, वजन खंयच्या पायार आसा? दोन्ही पायांवर सारखा उभा असलेला माणूस त्यांना खोटा वाटतो. ही नजर त्यांना पिंगुळीतल्या कळसूत्रीच्या खेळांनी दिली असं ते सांगतात. पिंगुळी कुडाळच्या कुशीतच आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि बाहुल्यांची कला जपली, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ सालची पद्मश्री मिळाली. लहानपणी भाऊ खेळ सोडून पडद्यामागे जाऊन बसायचे. दोरा सैल पडला की बाहुलीचा जीव कुठून जातो ते बघायला.

जेवण झालं (तिसऱ्या, सोलकढी, आणि मला लाज वाटेल इतका भात) आणि मी माझा डबा उघडला. मीही एक आणला होता. १९७१ सालचा, ऑलिव्ह ग्रीन वर्दीतला, चार महिने खपून केलेला. भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बूट बघितले, पट्टा बघितला, मान हलली. मग शर्टावर बोट थांबलं.

"बायकांची बटणपट्टी केलंस."

मी बघतच राहिलो. पुरुषांच्या शर्टात डावी बाजू वर येते. मी उजवी वर आणली होती. समोर फोटो ठेवून शिवलं होतं आणि फोटो उलटा छापलेला असणार. चार महिने रोज स्वतःच्या शर्टाची बटणं लावत होतो आणि हे एकदाही लक्षात आलं नाही.

भाऊंनी समजूत घातली ती आमच्या नादातली जुनी गोष्ट सांगून. पहिल्या जी. आय. जोच्या उजव्या अंगठ्याचं नख चुकून उलट्या बाजूला कोरलं गेलं होतं. कंपनीने ते तसंच ठेवलं. कुणी नक्कल केली तर नखावरून पकडता येईल. मी मान डोलावली, पण मनातल्या मनात टाके उसवायला घेतले होते.

तीनच्या सुमाराला आभाळ एकदम भरून आलं. परतीचा पाऊस सांगून येत नाही. पहिले चार थेंब साडीवर टपटपले आणि आम्ही तिघेही खळ्यात धावलो. भाऊ एकेकाला दोन्ही हातांनी, मान धरून उचलत होते. मी सूप घेतलं. वैनींनी पाटी आणली आणि हुद्दा, रेजिमेंट, शतक काही न बघता पलटणीला कवटाळून आत भरायला सुरुवात केली. हवालदार खाली, शिपाई वर, मधे एक उशी. दहा मिनिटांत सगळे पडवीत. मोजणी झाली, एक्केचाळीस भरले. एक बूट मात्र कमी. कुत्रा आंब्याखाली पाठ करून काहीतरी चघळत बसला होता.

त्या गडबडीतच माझी गाडीची वेळ झाली. वैनींनी माझा डबा बांधून दिला, वर कोकमं आणि वडे.

ठाण्याला पोचून डबा उघडला तर आतून पोस्टमन बघत होता.

फोन लावला.

"माका ठावक आसा," भाऊ म्हणाले. "तुझो हय रवलो. बटणां उलटी म्हणान लगेच वळाखलंय."

मागून वैनींचा आवाज आला, त्यांना सांगा, पोस्टमन विचारूक इल्लो, मी खंय गेलंय म्हणान.