एक टेप, दोन टेप

आज दिवसभर कागदावर ट्युरिंग मशीन चालवत बसले: कल्पनेतला संगणक, ज्याचं डोकं टेपवर एकेक घर सरकत अक्षर वाचतं, लिहितं, खोडतं. प्रश्न साधा: शून्य-एकची ओळ दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येते का?

एकच टेप असेल, तर डोकं डावं अक्षर लक्षात ठेवतं, खोडतं, उजव्या टोकाला पळतं, ताडून पाहतं, परत येतं. १००० अक्षरांना सुमारे ५ लाख पावलं. दुसरी टेप दिली की नक्कल करा, एक डोकं मागे न्या, आणि दोन्ही टेप उलट दिशांनी वाचत ताडून पाहा. ३००० च्या आसपास काम संपतं. ताकद मात्र तीच! दोन टेप जे सोडवतात ते सगळं एक टेपही सोडवते, फक्त जास्त पावलं टाकते. आणि या प्रश्नाला एका टेपवर अक्षरांच्या संख्येच्या वर्गाच्या पटीत वेळ लागतोच, कितीही हुशारी करा. हे सिद्ध झालंय, म्हणून तर मला ते इतकं आवडतं.

मग जागेकडे, म्हणजे टेपची किती घरं वापरावी लागतात याकडे वळले. १९७५ मध्ये हॉपक्रॉफ्ट, पॉल आणि व्हॅलियंट या संगणकशास्त्रज्ञांनी दाखवलं की कोणतंही काम त्याला लागणाऱ्या वेळेपेक्षा, म्हणजे पावलांपेक्षा, थोड्या कमी जागेत होतं. पुढची पन्नास वर्षं त्यात मोठी सुधारणा झाली नाही. २०२५ मध्ये रायन विल्यम्स यांनी ती जागा वेळेच्या वर्गमुळाच्या जवळपास आणली! बदल्यात वेळ अफाट वाढतो, कारण साठवायला जागा नसलेलं पुन्हा पुन्हा काढावं लागतं. कुक आणि मर्ट्झ यांची युक्ती त्यामागे आहे: आधीच भरलेली जागा पुसून न टाकता तिच्यावरच हिशेब करायचा. उद्या तीच नीट वाचणार आहे.