भिशीची चिठ्ठी आणि बारावी खुर्ची

आमच्या बेळगावच्या शहापुरातील बायकांच्या भिशीला या जानेवारीत २५ वर्षे पूर्ण झाली. पहिल्या महिन्यात प्रत्येकीने १०० रुपये दिले होते. आज हप्ता २,५०० रुपयांचा आहे आणि सभासद पहिल्यापासून बाराच आहेत. हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे जे पुढे लिहिते आहे त्यातील आकडे तरी बिनचूक आहेत, एवढी हमी मी देऊ शकते.

पंचविशी साजरी करायची, आणि त्यासाठी जानेवारीचा हप्ता कोणाच्याच नावावर न टाकता जमलेल्या ३०,००० रुपयांत सगळ्यांनी मिळून एकदा झकास जेवायचे, यावर एकमत झाले. कुठे जेवायचे यावर मात्र दोन बैठका वाया गेल्या. शेवटी काकूंनी (वय ७८, भिशीतील सर्वांत वडील) तोडगा काढला की प्रत्येकीने आपल्या मनातले ठिकाण चिठ्ठीवर लिहावे आणि नेहमीच्याच डब्यातून एक चिठ्ठी उचलावी. कोल्हापूरची थाळी निघेल अशी माझी खात्री होती, कारण ती निदान चौघींनी तरी लिहिली असणार. नातवाने चिठ्ठी उचलली आणि वाचली: ‘गोव्यातले फ्रेंच हॉटेल’. कोणी लिहिले ते सांगायला कोणीच तयार होईना. चिठ्ठीतील ‘ल’ची धाटणी पाहून मला काकूंचा संशय आला होता, आणि तो पुढे खरा ठरला.

भिशीचा नियम असा की चिठ्ठी निघाली की बदलत नाही. धाकट्या वहिनींनी बार्देशातील एका जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरात चालणारे फ्रेंच रेस्टॉरंट शोधले, आणि फोनाफोनी सुरू झाली. बाराजणींसाठी ते प्रत्येकीची वेगळी ऑर्डर घेत नाहीत. पदार्थ आधी ठरवावे लागतात, माणशी भाव ठरलेला असतो आणि अर्धी रक्कम आगाऊ भरावी लागते. गंमत अशी की फ्रान्समध्ये ‘मेन्यू’ या शब्दाचा अर्थच मुळी ठरावीक किमतीचे, ठरावीक पदार्थांचे जेवण असा आहे. आपण ज्याला मेन्यू कार्ड म्हणतो ती त्यांची ‘कार्त’, आणि तिच्यातून हवे ते वेगवेगळे मागवले की झाले ‘आ ला कार्त’. म्हणजे आम्ही चुकून का होईना, अस्सल मेन्यूच घेत होतो.

खरी कसरत शाकाहाराची होती. आमच्यात आठजणी शाकाहारी आहेत, आणि फ्रेंच स्वयंपाकात भाजीच्या पदार्थातही मांस कुठून शिरेल याचा नेम नसतो. त्यांचे प्रसिद्ध कांद्याचे सूप घ्या. नावात फक्त कांदा आहे. पण परंपरेने ते गोमांसाच्या हाडांच्या अर्कात शिजवतात. वरचे ग्रुयेर चीज दुधाचे खरे, मात्र ते विरजण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. हे सगळे वहिनींनी इतक्या चिकाटीने विचारले की पलीकडच्या गृहस्थांनी शेवटी फोन थेट स्वयंपाकघरात नेऊन दिला. तिथे ठरले की शाकाहारी वाट्यांसाठी अळंबी आणि भाज्यांचा अर्क वेगळा काढायचा आणि चीज भारतात बनलेले, रेनेट प्राणिज नसलेले वापरायचे.

एवढे सगळे जमले, तरी अक्कांचा प्रश्न उरलाच. अक्का दिगंबर जैन आहेत. घरी कन्नड, आमच्यात आमच्यापेक्षा ठसठशीत मराठी. सूर्यास्तानंतर त्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत. रेस्टॉरंट उघडणार सात वाजता, आणि जानेवारीत सूर्य साडेसहाच्या आतच मावळतो. दुपारी जेवू या, असे आम्ही म्हणालो, पण दुपारी ते उघडतच नाही. मग बेतच रद्द करू या, असे म्हणताच अक्का रागावल्या. ‘चिठ्ठी निघाली ती निघाली. मी माझा डबा घेऊन येतो, वेळेत जेवतो आणि तुमच्यात नुसती बसतो की!’ (आमच्याकडच्या बायका ‘येतो, जातो’ म्हणतात, याचे पुण्याच्या पाहुण्यांना फार हसू येते. येवो.)

संक्रांतीनंतरच्या शनिवारी सकाळी आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरने निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि खाली साखळी हा रस्ता आम्हाला पाठ आहे. पणजीला मुक्कामाच्या ठिकाणी सामान टाकले आणि पाच वाजता रेस्टॉरंटवर पोहोचलो, कारण अक्कांना बसून जेवता येईल अशी जागा हवी होती. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाने आत विचारून येऊन सांगितले की साडेपाचला स्वयंपाकघरातील सगळी मंडळी मागच्या पडवीत जेवायला बसतात, बाईंनी त्यांच्याबरोबरच बसावे.

मला नंतर कळले की ही फ्रेंच स्वयंपाकघरांची जुनी रीत आहे. गिऱ्हाइके येण्याआधी आचारी, वाढपी, भांडी घासणारे असे सगळे एकत्र बसून जेवतात. ऑग्युस्त एस्कोफिये (१८४६–१९३५) या आचाऱ्याने मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघराला लष्करी तुकडीसारखी शिस्त लावली, म्हणजे रश्शांचा एक, भाजण्याचा एक, मिठाईचा एक अशी कामाची विभागणी आणि वर एक प्रमुख. मात्र भूक सगळ्यांना एकाच वेळी लागते.

अक्कांनी आपला डबा उघडला. तीळ लावलेली बाजरीची कडक भाकरी, लसूण न घातलेली कारळ्याची चटणी, दही आणि तिळाची पोळी. समोरच्या मंडळींचे जेवण होते भात, डाळ आणि माशाचे कालवण. अक्का लांबच्या टोकाला बसल्या. भाज्या चिरणारा एक पोरगा चटणीकडे पाहून थबकला आणि म्हणाला, ‘ही आमच्याकडची चटणी हाय.’ तो खानापूर तालुक्यातला निघाला. फ्रेंच जेवणातला कांदा रोज दोन तास तो चिरतो. त्यानंतर अक्कांची चटणी त्या पडवीत ताटाताटांतून फिरली, आणि डब्यात काय उरले असेल ते सांगायला नको. आम्ही हे सगळे दारातून पाहत होतो, कारण आमचे टेबल सात वाजल्याशिवाय मिळणार नव्हते.

साडेसातला आम्ही बसलो. बारा खुर्च्या, अकरा ताटे. वाढप्याने अक्कांसमोरचे काटे-चमचे उचलले, पण घडी घातलेला रुमाल मात्र तसाच ठेवला. ते मला आवडले.

फ्रेंच लोकांच्या सणासमारंभाच्या जेवणाला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. यादीत कुठला एक पदार्थ नाही, तर बारसे, लग्न, वाढदिवस अशा निमित्ताने माणसांनी एकत्र बसून क्रमाक्रमाने जेवणे ही रीतच आहे: आधी पेय, मग आरंभाचा पदार्थ, मग भाजीसह मासा किंवा मांस, मग चीज, मग गोड, आणि शेवटी पुन्हा पेय. हे वाचून गेले होते, तरी प्रत्यक्ष बसल्यावर त्यातली मेख कळली. चार वाढपी दोन्ही हातांत वाट्या घेऊन आले, टेबलाभोवती उभे राहिले आणि डोळ्याने खूण होताच वाट्या एकदम खाली टेकल्या. उरलेल्या तीन लगेच पाठोपाठ आल्या. सगळ्यांपुढे वाढून झाल्याशिवाय कोणी चमचा उचलायचा नाही, आणि सगळ्यांचे संपल्याशिवाय पहिली वाटी उचलली जाणार नाही. काकू म्हणाल्या, ‘पंगतच आहे की ही. फक्त एकेक पदार्थाची.’ आणि त्यांनी हळू आवाजात ‘वदनी कवळ घेता’ सुरू केले, तेव्हा आम्हीही मागोमाग म्हटले. शेजारच्या टेबलावरील परदेशी जोडप्याने आम्ही थांबेपर्यंत आपले बोलणे थांबवले.

काकूंच्या बोलण्यात त्यांना माहीत नसलेला आणखी एक धागा होता. एकेक पदार्थ क्रमाने आणण्याची ही पद्धत फ्रान्समध्ये रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिला म्हणतात ‘रशियन वाढप’. त्याआधीच्या ‘फ्रेंच वाढपा’त अनेक पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडत असत. म्हणजे जुनी फ्रेंच रीत आपल्या भरल्या ताटाच्या जवळची होती.

आता सूप. पातळ चिरलेला कांदा लोण्यावर मंद आचेवर तासभर परततात, तो करपू न देता तपकिरी होईपर्यंत. मग अर्क, वर शेकलेल्या पावाचा तुकडा, त्यावर चीज, आणि वाटी तशीच भट्टीत. वरचा पापुद्रा चमच्याने फोडताच वाफ आली आणि तिच्यातून जो वास आला तो मला थेट माझ्या आजीच्या चुलीजवळ घेऊन गेला, कारण ती मसाल्यासाठी कांदा निखाऱ्यात भाजायची. चव मात्र गोडसर. आमच्यापैकी तिघींनी तिखट मागितले. वाढप्याने मिरपूड आणून दिली आणि चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

मुख्य पदार्थ मांसाहारी चौघींना वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी आणि आम्हा सातजणींना रातातुई. रातातुई ही दक्षिण फ्रान्समधील नीस भागातील भाजी: वांगी, झुकिनी, ढबू मिरची आणि टोमॅटो, नीट करायची तर प्रत्येक भाजी वेगळी परतून मग एकत्र करायची. मोठ्या वहिनींनी दोन घास खाऊन निकाल दिला की ही भोगीची भाजी आहे, फक्त तिच्यातले तीळ, शेंगदाणे आणि सासूबाई काढून घेतल्या आहेत. मी सासूबाईंच्या बाजूने काही बोलणार होते, पण भाजी खरोखरच चांगली होती.

चीजबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. निळ्या बुरशीचा तुकडा सगळ्याजणी एकमेकींकडे सरकवत राहिल्या आणि तो शेवटी जिथून निघाला होता तिथेच परत आला.

या सबंध दोन तासांत अक्का रिकाम्या जागेपुढे बसून होत्या, आणि कंटाळा म्हणाल तर त्यांच्याखेरीज आम्हा सगळ्यांनाच थोडा थोडा आला. त्या आत काय घडले ते सांगत होत्या: मुख्य आचारी सगळ्यांत शेवटी बसला, भांडी घासणाऱ्याला पहिल्यांदा वाढले, खानापूरच्या पोराने आपल्या आईचे गाव सांगितले ते अक्कांच्या नणंदेच्या गावाला लागून निघाले. मधूनच एक आचारी दारातून डोकावून ‘ऊटा आतेन्री?’ (जेवण झाले का?) असे आम्हाला कन्नडमध्ये विचारून जाई. हे वाक्य अक्कांनीच त्याला तासाभरात शिकवले होते, आणि तो ते प्रत्येक पदार्थानंतर विचारत होता.

गोडात क्रेम ब्रूले आले. अंड्याचा बलक आणि साय यांचा मऊ थर, वर साखर पसरून ती ज्वाळेने जाळलेली. ज्यांना अंडे चालत नाही त्या आम्हा सातजणींना नासपतीची फोड मिळाली, पण साखरेचा तो काचेसारखा पापुद्रा चमच्याच्या पाठीने ‘टक्’ करून फोडण्याचा मान मी धाकट्या वहिनींच्या वाटीत पुरवून घेतला. त्यांच्या मते आतला भाग खरवसासारखा होता आणि वरची जळकी साखर कुंद्याच्या कढईला तळाशी लागलेल्या खरवडीसारखी. बेळगावच्या माणसाला याहून मोठी पावती देता येत नाही.

बिल अकरा ताटांचे आले: माणशी २,५०० प्रमाणे २७,५००, त्यावर ५ टक्के जीएसटीचे १,३७५, एकूण २८,८७५ रुपये. भिशीतले १,१२५ रुपये उरले, ते वाढपी आणि स्वयंपाकघर मिळून सगळ्यांसाठी म्हणून ठेवले. वहीत नोंद ‘इतर’ या रकान्यात आहे.

निघताना खानापूरचा पोरगा धावत आला आणि अक्कांचा डबा त्यांच्या हातात दिला. घासून लखलखीत केला होता, पण वजन लागत होते. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे त्याला त्याच्या आईने शिकवले असणार. अक्कांनी तो उघडला नाही. रात्र झाली होती. आणि अक्कांचा डबा दुसऱ्या कोणी उघडावा, हे शक्यच नव्हते.

रविवारी सकाळी चोर्ला घाट चढून आम्ही कणकुंबीला चहासाठी थांबलो. मलप्रभा जिथे उगम पावते तिथून चार पावलांवर अक्कांनी टपरीच्या बाकावर डबा ठेवून झाकण काढले. आत पेरूच्या तांबूस वड्या होत्या, साखरेत घोळवलेल्या. फ्रेंच लोक फळाचा गर साखरेत आटवून ज्या वड्या करतात तशा, आणि गोव्यातले पेराद खाल्लेल्यांना ओळखीच्या. अंडे नाही ना, जिलेटिन नाही ना, असे अक्कांनी विचारण्याआधीच डब्यातल्या कागदावर मराठीत लिहिलेले दिसले: ‘फक्त पेरू, साखर, लिंबू.’

चहाचे ग्लास आले होते, पण कोणी उचलले नाहीत. अक्कांनी आधी वड्या मोजल्या. बारा होत्या. ड्रायव्हरदादा धरून आम्ही तेरा होतो, म्हणून काकूंनी आपली वडी मोडली, अर्धी त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘चिठ्ठी मीच लिहिली होती गं. आता घ्या चहा.’