तुम्ही विचारलंत म्हणून: साडेचारचा बॅक मला कसा घावतो

बेळगावात फुटबॉल बघणारी चार माणसं जमली की बोलणं एफपीएलवर, म्हणजे फॅन्टसी प्रीमियर लीगवर, येतंच, आणि एफपीएलवर आलं की हा प्रश्न माझ्याकडे येतो. उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर आला आहे, खानापूरला एका लग्नाच्या पंगतीत आला आहे. परवा कपिलेश्वराच्या देवळाबाहेर चपला घालत होतो, तर ओळखीतला एक शाळकरी पोरगा थांबला. "अंकल, चार-साडेचारचे बॅक तुम्हाला आधीच कसे घावतात हो?" म्हणजे या खेळात स्वस्तात मिळणारे बचावपटू. मी काहीतरी अर्धंमुर्धं सांगितलं आणि निघालो. घरी येईपर्यंत ते मनाला लागून राहिलं, कारण पोरानं मनापासून विचारलं होतं. म्हणून आज नीट सांगतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर चालणारा हा फॅन्टसी खेळ फुकट आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हा बऱ्याच आयांनी मला काळजीनं विचारलं. त्यांना हेच सांगितलं की इथं रुपयाही लागत नाही. तुम्हाला कागदोपत्री 100 दशलक्ष पौंड मिळतात. त्यात 15 खेळाडू बसवायचे: 2 गोली (गोलरक्षक), 5 बॅक, 5 मिडफिल्डर, 3 फॉरवर्ड, आणि एका क्लबातले जास्तीत जास्त तीन. खऱ्या सामन्यात ते जे करतील त्याचे गुण तुम्हाला. मँचेस्टर सिटीचा फॉरवर्ड हालांड 2024-25 ला 15 दशलक्षांना होता. सगळ्यात स्वस्त बॅक 4 ला मिळतो. हालांडसारखा एक घ्यायचा तर मागे कुठंतरी पैसे वाचवावेच लागतात, आणि ते बॅकमध्ये वाचवले जातात. म्हणून हा प्रश्न सगळ्यांना पडतो.

माझं उत्तर एका वाक्यात असं: मी आधी काम शोधतो, मग माणूस. कुठल्या जागेवर दर आठवड्याला काम पडणार आहे ते बघायचं, आणि त्या जागेवर उभा राहणाऱ्याचं नाव नंतर वाचायचं.

ही सवय मला खेळातून लागली. मी स्टॉपर होतो, म्हणजे गोलासमोर उभा राहणारा मधला बॅक. जुलैमध्ये लेले मैदानावर आम्ही खेळायचो तेव्हा तांबड्या चिखलात चेंडू थांबायचा, पाणी पिऊन जड व्हायचा, आणि तो डोक्यानं काढायचा म्हणजे मान दोन दिवस धरायची. काही सामन्यांत माझ्याकडे चेंडूच यायचा नाही, काहींत उसंत मिळायची नाही. मी तोच, ताकद तीच. फरक असायचा तो आमचे मिडफिल्डर किती लवकर दमले आणि समोरचा विंगर (कडेनं पळणारा) क्रॉस टाकणारा, म्हणजे कडेवरून गोलासमोर चेंडू उचलून देणारा आहे, की आत घुसणारा, याचा. पुढं कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचे सामने बघायला निपाणीमार्गे एसटीनं जायचो, तेव्हाही माझी नजर मागच्या चौघांवर असायची. गोल झाला की सगळं स्टेडियम उठतं. मी मात्र चेंडू कुठून सुटला ते बघत बसायचो.

आता हिशेबाकडे येतो, कारण खरी गोम तिथंच आहे.

बरीच वर्षं बॅकचे गुण मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरायचे. तो 60 मिनिटं खेळला आणि तेवढ्यात संघानं गोल खाल्ला नाही, म्हणजे क्लीन शीट झाली, तर 4 गुण. शिवाय खेळण्याचे 2. गोल केला तर 6, असिस्टचे (गोलाआधीचा शेवटचा पास) 3. संघानं दोन गोल खाल्ले की एक गुण कमी. म्हणजे हरणाऱ्या संघात जीव तोडून खेळणाऱ्या स्टॉपरला काहीच नव्हतं. दहा वेळा चेंडू डोक्यानं काढा, शेवटच्या मिनिटाला एक गोल खा, हाती दोन गुण. मला हे फार खुपायचं.

2025-26 च्या हंगामापासून हे बदललं. क्लिअरन्स (धोक्यातला चेंडू दूर काढणं), ब्लॉक (फटका अंगावर अडवणं), इंटरसेप्शन (पास मधेच पकडणं) आणि टॅकल (समोरच्याच्या पायातून चेंडू काढणं) मिळून बॅकनं एका सामन्यात 10 केले की 2 गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डना 12 लागतात, पण त्यांचे सुटलेले चेंडू परत मिळवणंही त्यात धरतात. वीस केले तरी गुण दोनच. हा नियम आला त्या दिवशी मला झालेला आनंद घरच्यांना कळला नाही. वीस वर्षांपूर्वीच्या त्या चिखलातल्या हेडरांची कुणीतरी नोंद घेतली असं वाटलं.

या नियमात एक खाच आहे, आणि बहुतेक जण तिथंच फसतात. नऊला शून्य मिळतं. म्हणून सरासरी बघू नका. समजा एका बॅकनं चार सामन्यांत 18, 6, 6, 6 असं काम केलं आणि दुसऱ्यानं 10, 11, 10, 5. दोघांची बेरीज 36, सरासरी 9. पहिल्याला 2 गुण मिळाले, दुसऱ्याला 6. मी वहीत प्रत्येक बॅकसमोर एकच आकडा लिहितो: किती सामन्यांत दहा गाठले. आठ-नऊला अडणारे पुष्कळ असतात. त्यांची सरासरी देखणी दिसते आणि गुण येत नाहीत.

मग दहा कोण गाठतो? साधारणपणे मधला स्टॉपर, कडेचा बॅक कमी. कडेच्या बॅकला टॅकल मिळतात, पण ढीग लागतो तो क्लिअरन्सचा, आणि क्लिअरन्स गोलासमोर मिळतात. संघ मागे उतरून खेळणारा हवा. मँचेस्टर सिटीसारख्या चेंडू आपल्याकडे ठेवणाऱ्या संघाच्या स्टॉपरकडे एवढं काम येत नाही. त्याला घ्यायचं तर क्लीन शीटसाठी घ्या. मागे तीन स्टॉपर खेळत असतील तर तेच काम तिघांत वाटलं जातं. आणि गोली कसा आहे ते बघा. पुढं येऊन क्रॉस पकडणारा गोली स्टॉपरचे हेडर खातो. रेषेवर थांबणारा गोली असला की ते सगळे चेंडू स्टॉपरच्या डोक्यावर येतात. हे मी स्वतः मैदानावर भोगलेलं आहे, त्यामुळे यावर माझा आकड्यांपेक्षा जास्त विश्वास आहे.

मात्र संघ पार बुडणारा नको. तीन-चार गोल खाणाऱ्या संघात काम भरपूर येतं, पण दोन गोलांमागे एक गुण जात राहतो, दमलेला बॅक उशिरा पाय घालतो आणि पिवळं कार्ड घेतो, त्याचा आणखी एक गुण गेला. पहिल्या 19 सामन्यांत पाच पिवळी झाली की एक सामना बाहेर. मला हवा असतो तो एका गोलानं हरणारा, एका गोलानं जिंकणारा, बराच वेळ आपल्या हद्दीत झुंजणारा संघ. स्टॉपर टार्कोवस्की आधी बर्नलीत आणि 2022 पासून एव्हर्टनमध्ये अशाच संघांतून खेळत आला. नियम बदलायच्या कितीतरी आधीपासून मी त्याचं नाव घेतोय, हे माझ्याबरोबर एफपीएल खेळणारे सगळे सांगतील.

दुसरी गोष्ट किंमत. ती खेळ चालवणारे हंगामाआधी ठरवतात, आणि तेव्हा त्यांच्यासमोर गेल्या वर्षीचा तक्ता असतो. स्वस्त माल घावतो तो इथं. नॉटिंगहॅम फॉरेस्टचं घ्या. 2023-24 ला हा संघ 17 वा आला, खालच्या लीगमध्ये जाता जाता कसाबसा वाचला. कॉर्नर आणि फ्री किकवर गोल खाण्याची त्याला सवयच लागली होती. त्या उन्हाळ्यात त्यांनी इटलीतल्या फिओरेंटिना क्लबाकडून स्टॉपर मिलेन्कोविच आणला, उंचापुरा, हवेतला चेंडू आपला समजणारा. ज्या जागी गळत होतं नेमक्या त्याच जागी माणूस आला. तरी फॉरेस्टचे बॅक स्वस्तच राहिले, कारण नाव फॉरेस्ट. 2024-25 संपताना फॉरेस्ट सातवा होता, त्यांचा गोली सेल्स यानं 13 क्लीन शीट घेऊन आर्सेनलचा गोली राया याच्याबरोबर गोल्डन ग्लोव्ह (सगळ्यात जास्त क्लीन शीटचं बक्षीस) वाटून घेतला होता, आणि मिलेन्कोविचनं 5 गोल केले होते. जुलैमध्ये खेळाडू क्लब बदलतात त्या बातम्या वाचताना मी हाच एक प्रश्न विचारतो: गळतीच्या जागी कोण आलं?

हंगामाच्या मधेही असं होतं. लेस्टरचा 2015-16 चा हंगाम आठवून बघा. पहिल्या नऊ सामन्यांत एकही क्लीन शीट नाही. त्यांचा प्रशिक्षक रानिएरी यानं पोरांना क्लीन शीटसाठी पिझ्झ्याचं आमिष दाखवलं, आणि दहाव्या सामन्यात क्रिस्टल पॅलेसला 1-0 हरवून त्यांनी तो मिळवला. उरलेल्या 29 सामन्यांत मिळून लेस्टरच्या 15 क्लीन शीट झाल्या. त्यांचा स्टॉपर वेस मॉर्गन त्या हंगामात एक मिनिटही मैदानाबाहेर गेला नाही. ऑक्टोबरमध्ये तक्त्यातला गोल खाल्ल्याचा आकडा बघणाऱ्यानं तो बॅक घेतला नसता. म्हणून मी हंगामाचा आकडा सोडून शेवटचे पाच-सहा सामने बघतो.

मिनिटांचं मात्र काही शिकवावं लागत नाही. खेळत नसेल तर गुण नाहीत.

आता माझी चूक. 2018-19 ला पॅलेसचा कडेचा बॅक वान-बिसाका 4 दशलक्षांना होता. आधीच्या हंगामाच्या शेवटी तो पहिल्या अकरात आला होता, म्हणजे मिनिटं पक्की दिसत होती, पाय तर असे की विंगर त्याच्या बाजूनं जायलाच तयार नसत. मी घेतला. दुसऱ्या सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं. उणे तीन, वर एका सामन्याची बंदी. मी चिडून त्याला विकला. काय बदललं होतं? जागा तीच, संघ तोच, काम तेच. एका रात्रीच्या रागापायी मी ते विसरलो. पुढच्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडनं त्याच्यासाठी साडेचार कोटी पौंडांच्या आसपास मोजले. तेव्हापासून लाल कार्ड बघून मी माणूस विकत नाही. संघातली त्याची जागा गेली तरच विकतो.

आणखी एक प्रकार आहे, तो क्वचित मिळतो पण मिळाला की वर्ष निघतं. खेळाच्या यादीत बॅक, मैदानावर मिडफिल्डर. 2019-20 ला शेफिल्ड युनायटेडचा लुंडस्ट्रम असा होता, तोही 4 ला. क्लीन शीटचे 4 गुण बॅकचे, आणि पळायला प्रतिस्पर्ध्याच्या गोलासमोरच्या पेनल्टी पेटीपर्यंत मोकळीक. गोल केला तर 6. असे खेळाडू आकड्यांत दिसत नाहीत. हंगामाआधीचे मैत्रीचे सामने बघावे लागतात, निदान संघाची मांडणी तरी वाचावी लागते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बेळगावात पाऊस घराबाहेर पडू देत नाही, तेव्हा मी हेच करतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना नावांची यादी हवी असते. ती मी देत नाही, कारण पंधरा दिवसांत ती शिळी होते. माझा भाचा वडगावात राहतो, दहावीला आहे. त्यालाही नाव सांगत नाही. गेल्या महिन्यात शनिवारी त्यानं फोन केला, संघ बदलायची मुदत दुपारी संपणार होती. "मामा, सांग की, घेऊ काय त्याला?" मी म्हटलं, "काय बघितलास गा त्याच्यात?" तो म्हणाला, "समोरचा संघ क्रॉस लई टाकतोय, आणि ह्यांचा गोली रेषा सोडत न्हाई." घे म्हटलं.

संध्याकाळी तो माझ्याकडेच आला सामना बघायला. वही मांडीवर, प्रत्येक हेडरला एक उभी रेघ. शिट्टी झाली तेव्हा त्याच्या वहीत 11 रेघा होत्या, आणि रात्री अॅपवर दिसले 9. तोंड एवढंसं झालं. मग आम्ही दोघांनी बसून हायलाइट्स परत लावले. त्याच्या अकरातले दोन हेडर आपल्याच मिडफिल्डरच्या पायाशी टाकलेले होते, आणि नेम धरून आपल्या माणसाला दिलेला चेंडू पास धरला जातो, क्लिअरन्स नव्हे. "म्हणजे चांगलं खेळला म्हणून गुण गेले?" त्यानं विचारलं. मी होय म्हटलं. तो बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत राहिला, मग त्या खोडल्या, आणि वहीच्या कडेला लिहिलं: "चेंडू नुसता काढतो की देतो, ते बघणे."

ते मी माझ्या वहीतही उतरवून घेतलं आहे.