लिस्बनच्या अल्फामात वाट चुकली तर: पोर्तुगीजमधून परतीचा रस्ता विचारताना

अल्फामात मोबाइलच्या नकाशावर भिस्त ठेवू नका. १७५५ च्या भूकंपातून हा भाग बराचसा बचावला, त्यामुळे इथल्या गल्ल्या अजून जुन्याच वळणाच्या आहेत. नकाशावर शेजारीशेजारी दिसणाऱ्या दोन गल्ल्यांमध्ये प्रत्यक्षात एक उंच जिना असतो आणि निळा ठिपका एकीवरून दुसरीवर उड्या मारत राहतो. इथे माणसालाच विचारावं. त्यासाठी चारपाच वाक्यं तोंडात बसवून घेतली की पुरतं.

आधी नमस्कार. दुपारच्या जेवणापर्यंत ‘बों दीया’, नंतर ‘बोआ तार्द’, अंधार पडल्यावर ‘बोआ नोइत’. थेट प्रश्न टाकला तर समोरचा जरा अवघडतो. मग ‘दश्कुल्प’ (माफ करा) आणि पुढे ‘श्तो पर्दीदु’, म्हणजे मी वाट चुकलोय. बाईनं ‘पर्दीदा’ म्हणायचं. आभारांचंही तसंच: पुरुष ‘ओब्रिगादु’, बाई ‘ओब्रिगादा’.

खरी गफलत पुढच्या प्रश्नात होते. लोक आपल्या हॉटेलचं नाव विचारतात. गल्लीतल्या आजींना ते ठाऊक असण्याचं कारण नाही. विचारायची ती सगळ्यांना माहीत असलेली जागा: ‘कोमु व्होल्तु पारा सांता अपोलोनिया?’ म्हणजे सांता अपोलोनियाला परत कसं जाऊ? हे रेल्वे स्थानक आहे आणि मेट्रोच्या निळ्या मार्गाचं शेवटचं स्टेशनही. तिथून दुसरं स्टेशन बायशा-शियादु. तिथे हिरव्या मार्गावर बदललं की पुढचंच रोसियु. मात्र रोसियु म्हटलं की चौक, मेट्रो स्टेशन आणि सिंत्रा गावाच्या गाड्या सुटतात ते रेल्वे स्थानक, असे तीन अर्थ निघतात. मेट्रो हवी तर ‘श्तासांव द मेत्रु’ असं स्पष्ट म्हणा. ‘सांव’मधला अनुनासिक उच्चार गोव्याच्या सांजांव सणाच्या नावातल्यासारखा.

उत्तर भराभर येतं आणि शेवटचे स्वर गिळलेले असतात, तेव्हा नेमके शब्द पकडा: ‘दिराइता’ उजवीकडे, ‘श्केर्दा’ डावीकडे, ‘सेंप्र एं फ्रेंत’ सरळ. अल्फामात त्याहून कामाचे दोन आहेत: ‘सोब’ म्हणजे चढा, ‘देश्स’ म्हणजे उतरा. ‘सगुंदा अ दिराइता’ म्हणजे उजवीकडची दुसरी गल्ली. नाहीच कळलं तर ‘माइज द्वगार, पुर फव्होर’ (जरा हळू) म्हणा. हो-नाहीचे प्रश्न टाळा. ‘मेट्रो इकडे का?’ असं बोट दाखवून विचारलं की पुष्कळ जण नीट न समजताही ‘सिं’ म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा ‘पोद मुश्त्रार-म नु मापा?’ विचारून त्यांना नकाशावर बोट ठेवू द्या.

काहीच जमेना तर नदी विचारा: ‘पारा क लादु फीका उ रीउ?’ उतार धरला की तेजु नदी लागतेच. पोर्ताज दु सोल या उंचावरच्या चौकातून पायऱ्या उतरून साओ मिगेल चर्चकडे या, तिथून साओ पेद्रु रस्त्यानं शाफारीज द देंत्रु हा चौक गाठा. फादु या पोर्तुगीज गायनप्रकाराचं संग्रहालय तिथेच आहे. पुढे नदी उजव्या हाताला ठेवून पाचसात मिनिटं चाललं की सांता अपोलोनिया. गुडघे दुखत असतील तर पोर्ताज दु सोललाच थांबून २८ नंबरची ट्राम पकडावी.

मोबाइल अॅपवर शिकून गेलात तर शब्द बहुधा ब्राझीलचे असतात. तिकडची बस ‘ओनिबुस’, लिस्बनमध्ये ‘आउतोकार्रु’. रेल्वे ‘कोंबोयु’, ट्राम ‘एलेत्रिकु’. ब्राझिली शब्दही इथे समजतात, पण उत्तर स्थानिक शब्दांतच येतं, म्हणून हे तीन पाठ हवेतच.

शेवटी टॅक्सी करावी लागलीच तर ‘पोद शमार-म उं ताक्सि?’ असं कॉफीच्या दुकानात विचारा. निघतानाच राहण्याचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून घ्या, चार आणि तीन आकड्यांच्या पोस्टल कोडसकट. एकसारखी नावं असलेले रस्ते शहरात आणि आसपासच्या गावांत सापडतात; कोड असला की चालकाला नेमका रस्ता कळतो.