बारा शब्द

"ते बारा शब्द मले व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेव. तुह्यापासून हरपले तं माह्यापाशी राहतीन." कापूस भरता भरता मित्र बोलला. मन साफ त्याचं.

मी हसलो. गाडीवरून बाबा म्हणाले, "तुह्या आज्यानं बी वावराचे कागद सावकारापाशी असेच जपाले ठेवले होते."

बाबांना बिटकॉइन कळत नाही. (मलाही थोडंच.) पण २०४८ शब्दांच्या यादीतून निघालेले ते बारा शब्द म्हणजे माझ्या बिटकॉइनची किल्ली; ती ज्याच्या हाती, नाणी त्याची. तक्रार घेऊन जायला तिथं बँकेचा साहेब नाही.

घरी येऊन वहीतले शब्द ताडून पाहिले. मग मोबाईलमधला त्यांचा फोटो डिलीट केला.

हो, फोटो होता. दोन वर्षं. अन् हसत होतो मित्राला!

आता नवे शब्द काढून नाणी तिकडं हलवणं आलं. तो फोटो कुठंकुठं जाऊन बसला असेल, कोण जाणे?